सोन नसलेला दिवस

लसूणपातीची पहिली कापणी जावयाला द्यावी, मुलाला देऊ नये, अशी त्या खोऱ्यात म्हण आहे. बान हाक-सू त्या सकाळी वाफ्यात उकिडवे बसून पहिली कापणी करत होते आणि जावई आलेला नव्हता. आला होता तो मुलगा. थोरला, इन-ग्यू, सोलहून, बायकोला घेऊन. गाडीच्या मागच्या सीटवर एक जाड दुलई घडी करून ठेवलेली होती आणि ती कोणाच्या अंगावर घ्यायची नव्हती.

दुलई रांजणासाठी होती.

हाक-सूंच्या सदऱ्याच्या खिशात एक कागद होता. त्यावर तीन शब्द होते: रांजण इथंच राहील. चाळीस वर्षं गावच्या शाळेत मुलांकडून धडे पाठ करून घेतलेल्या माणसाला तीन शब्द पाठ करायला काहीच अडचण नव्हती. अडचण ते कोणासमोर तरी म्हणण्याची होती. उजाडल्यापासून त्यांनी ते पातीला दोनदा ऐकवले होते, सालाडच्या रोपांना एकदा, आणि बटाट्याच्या सरीत कोंब कितपत वर आलेत ते बघता बघता बटाट्यांनाही. बटाट्यांनी हरकत घेतली नव्हती.

रांजण म्हणजे विरजणाचा रांजण. घरामागच्या दगडी ओट्यावर सतरा रांजण उभे होते. हा सगळ्यांत मागचा, सगळ्यांत बुटका. त्यात पणजीच्या काळापासूनचं, सोयाबीन आंबवून केलेलं काळं, दाट, मधासारखं ओघळणारं जांग होतं. दर वसंतात नवं जांग गाळलं की त्यात यातला एक डाव घालायचा आणि नव्यातला एक डाव यात परत टाकायचा. म्हणून ते कधी संपत नसे आणि कधी नवंही होत नसे. जांग जिथं, घर तिथं, असं सगळेच म्हणत. हाक-सूंनी त्या म्हणीचा दुसरा अर्धा भाग मनात पुरा करून पाहिला होता. रांजण सोलला गेला की घरही गेलं. मग वर्षाच्या आत शेत कोणाला तरी कसायला जाईल, धाकटा कुठल्याशा कारखान्यात जाईल, आणि ते स्वतः अकराव्या मजल्यावर खिडकीपाशी बसून खालच्या गाड्या मोजतील.

त्यांच्या बायकोने, बोक-निमने, डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं तेव्हाच शिसपेन्सिलीने एका तारखेभोवती गोल करून ठेवला होता. चांद्र तिसऱ्या महिन्याची दहावी. जानेवारीत ती गेली. गोल राहिला. सगळी मंडळी जमली होती ती त्या गोलामुळे.

नववी-दहावी, एकोणिसावी-विसावी, अशा तिथ्यांना सोन खाली नसतो. सोन म्हणजे दिशादिशांनी फिरणारा, माणसाच्या कामात खोडा घालणारा आगंतुक पाहुणा. त्या तिथ्यांना तो वर आकाशात जातो. म्हणून घर बदलायचं, लग्न लावायचं, जांग गाळायचं ते सोन नसलेल्या दिवशी. तिथल्या भाषेत हातालाही सोनच म्हणतात. पण हे दोन सोन वेगळे, हे लहान पोरालाही कळतं, म्हणून कोणी कोणाला मुद्दाम सांगत नाही.

पात टोपलीत भरून हाक-सू स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत कोणाचं लक्ष गेलं नाही. त्यांना त्याची सवय होती, आणि थोडी आवडही.

"जावयाची पात आली," लेक युन-मी म्हणाली, टोपली दिसली म्हणून. माणूस तिला नंतर दिसला. तिचं जोंजूला केस कापायचं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तिची जीभ कात्रीसारखी चालत असे. "आणि जावयाला आज दाताचा डॉक्टर. बावीस वर्षं झाली. सासुरवाडीला यायचं म्हटलं की त्याचा दात दुखतो. एव्हाना तोंडात एकही उरायला नको होता."

"मग आपण खाऊ," थोरली सून ह्ये-रिम म्हणाली. ती तव्यावर पातीची धिरडी घालत होती. धिरडी पातळ, कडा कुरकुरीत, एकसारखी गोल. तिने या घरात केलेलं कुठलंही काम वाकडं झाल्याचं हाक-सूंना आठवत नव्हतं. वाकडं होऊ शकेल असं काम तिला कधी दिलंच गेलं नव्हतं.

"वहिनी, खरं सांग, अकराव्या मजल्यावर रांजण ठेवणार कुठं?"

"बाल्कनीत. काच सरकते. दुपारी दोन ते चार ऊन येतं."

"दोन ते चार. म्हणजे दवाखान्यात पेशंटला भेटायची वेळ."

"हसा, वन्सं. मी काही चोरून नेत नाहीये. थोरल्या सुनेचा असतो तो. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी दिला."

"मी कुठं नाही म्हणतेय? मी तुझ्याच बाजूची आहे. धाकटी लुआ गुणाची आहे, पण ती तिच्या माहेरचं माशाचं आंबवलेलं पाणी कशातही ओतते. परवा मुळ्याच्या लोणच्यात ओतलं."

"तू दोन वाट्या खाल्लंस की," जमिनीवर बसलेला पिल-ग्यू म्हणाला. हा धाकटा, लुआचा नवरा. शेत तोच बघत असे.

"चांगलं होतं म्हणून खाल्लं. तो मुद्दा नाही."

इन-ग्यू दारातून आत आला. त्याने बूट काढले, ते सरळ लावून ठेवले आणि सभा सुरू झाल्यासारखा बोलू लागला. "मुद्दा हा आहे की आई गेली. अप्पांचं वय झालं. रांजण आमच्याकडे आला की सणवार आमच्याकडे. मग अप्पांनी इथं थंडीत का राहायचं? आणि पिल-ग्यू, तू तरी इथं एकट्यानं काय करणार?"

"पुढच्या महिन्यात मिरचीची रोपं लावायचीत," पिल-ग्यू म्हणाला.

"मी आयुष्याबद्दल बोलतोय."

"हो. मग ऑगस्टात तोडणी."

ह्ये-रिमने धिरडं उलटलं. बोलताना ती तव्याकडेच बघत होती. "तीस वर्षं मला त्या ओट्यावर उभं नाही केलं. दर वर्षी येते. दर वर्षी बाह्या सरसावते. आणि सासूबाई म्हणायच्या, तुझे हात गरम आहेत, जांग आंबेल, तू जा भाजी चीर. तीस वर्षं मी भाजी चिरली. पाहुणे आले की त्यांना जांगातलं सार वाढते आणि सांगते, आमच्या सासूबाईंच्या हाताला चव आहे. माझ्या हाताचं काय, ते कोणी विचारत नाही."

हाक-सूंचा हात खिशातल्या कागदाकडे गेला आणि तिथेच थांबला. हे बोलणं त्यांच्या तीन शब्दांत बसत नव्हतं.

मागच्या दाराने लुआ आली. एका हातात काटेरी झाडाच्या उकडलेल्या कोवळ्या कोंबांची चाळणी, केसांना भुसा लागलेला. पंधरा वर्षांपूर्वी ती मेकाँग नदीच्या काठावरून या घरात आली तेव्हा तिला 'जेवलात का' एवढं एकच वाक्य येत होतं आणि ते ती सकाळ-संध्याकाळ, अगदी टपालवाल्यालाही म्हणत असे. आता ती बोक-निमचीच बोली बोलायची, बोक-निमच्याच हेलात. कधीकधी बाहेरून आवाज आला की हाक-सू दचकत.

ती आली तसं आत सगळे गप्प झाले. तिने एकेकाकडे पाहिलं.

"कोंबांना मीठ घालू," ती म्हणाली, "की अजून माझ्याबद्दल बोलून व्हायचंय?"

"घाल, घाल," युन-मी म्हणाली. "झालंच होतं."

* * *

जेवण उरकून सगळे ओट्याकडे गेले. ऊन चांगलं होतं. पुढच्या मोठ्या रांजणावर बोक-निमने कापलेला पांढऱ्या कागदाचा मोजा उलटा चिकटवलेला होता, किडामुंगी त्या उलट्या पावलाला भिऊन दूर राहावी म्हणून. त्या रांजणात तिने नोव्हेंबरात केलेल्या सोयाबीनच्या विटा दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरत होत्या. पाणी लुआने घातलं होतं. आज विटा बाहेर काढायच्या, कुस्करून मळून त्यांचं घट्ट जांग वेगळ्या रांजणात भरायचं, आणि उरलेलं काळं पाणी गाळून पातळ जांग वेगळं ठेवायचं. शेवटी विरजणाचा डाव.

ह्ये-रिमने तीनदा हात धुतले होते. तिसऱ्यांदा धुताना तिने नखं बघितली. मग बाह्या कोपरापर्यंत चढवून ती ओट्याची पायरी चढली आणि तिने झाकण उचललं. वास वर आला, खारट, कोळशाचा, जुन्या लाकडाचा. तिने डोळे मिटले. इन-ग्यूने फोन काढून फोटो घेतला.

"आईच्या हातच्या शेवटच्या विटा," तो हळूच म्हणाला.

हात रांजणात घालायला ह्ये-रिम वाकली आणि त्याच क्षणी लुआ धावत आली. तिच्या काखेत दोन लाकडी उलथणी होती, हातात लांब चिमटा, भोकांचा झारा आणि मुसळ.

"जाऊबाई! हात नको, हात नको!"

"का? धुतलेत मी."

"धुतले असले तरी. आज कसा घालाल? आज सोन नाही ना." तिने चिमटा पुढे केला. "याने उचलायचं. मुसळाने कुटायचं. उलथण्याने भरायचं. बोट लागता कामा नये. सासूबाई किती कडक होत्या या बाबतीत, तुम्हाला माहीत नाही."

ह्ये-रिम वाकलेलीच राहिली. इन-ग्यूने फोन खाली केला. पिल-ग्यू एकाएकी आपल्या बुटांकडे बघायला लागला.

युन-मीला सगळ्यात आधी कळलं. आधी तिच्या नाकातून आवाज आला, मग ती शेजारच्या रांजणाला धरून खालीच बसली. "अगं... अगं लुआ! सोन म्हणजे हात नव्हे गं! सोन म्हणजे तो! तो फिरणारा! पाहुणा! तो नाही आज!"

"कोण पाहुणा?"

"अगं, वाईट, उपद्रवी. तो आज आकाशात गेलाय. म्हणून सोन नाही. हातांचा काय संबंध? लोक याच दिवशी घर बदलतात, ते काय सामान दातात धरून नेतात?"

लुआने विचार केला. "मला वाटलं, म्हणूनच त्या दिवशी सगळे हमाल बोलावतात," ती म्हणाली. "आपले हात लागू नयेत म्हणून."

युन-मी आता रडत होती. इन-ग्यूही हसला. पिल-ग्यूकडे वळून तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"मी त्या दिवसांत नेहमी शेतात असतो," पिल-ग्यू म्हणाला.

लुआ हसली नाही. तिने चिमटा ओट्यावर ठेवला. मग झारा, मुसळ आणि दोन्ही उलथणी एकाशेजारी एक, नीट लावून ठेवली. तिचे कान लाल झाले होते. "पंधरा वर्षं," ती म्हणाली, कोणाला उद्देशून नाही. "सासूबाई रोज बघत होत्या. एकदा सांगायचं तरी."

हसू ओसरलं तसा इन-ग्यूचा सभेचा आवाज परत आला. "हे बघ लुआ, तुझा दोष नाही. परक्या भाषेत असं होतं. पण खरं सांगायचं तर यासाठीच रांजण जिथला तिथं गेला पाहिजे. ही हाताची विद्या आहे. हातातून हातात जायची. आईच्या हातात होती, तिच्या हातच्या या विटा—"

"पायांनी," हाक-सू म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. हाक-सूंनीही क्षणभर मागे पाहिलं, दुसरं कोणी बोललं का ते बघायला. त्यांना हा शब्द म्हणायचा नव्हता. पण निघून गेला होता.

"काय, अप्पा?"

"विटा पायांनी करतात. साच्यात घालून, वर फडकं टाकून तुडवायच्या. तुझ्या आईने पायांनी केल्या. मी खांदा धरायला दिला होता."

"बरं, पायांनी. पण जांग—"

"मुळ्याचा वाफा आठवतो का," हाक-सूंनी विचारलं, "विहिरीकडचा?"

इन-ग्यूला हा वयाचा परिणाम वाटला. तो मऊ आवाजात म्हणाला, "आठवतो की अप्पा. दोन वर्षं त्यात काही उगवलं नाही. मीच माती तपासून आणली होती. मीठ निघालं होतं."

"जांग होतं ते."

हाक-सूंनी जवळच्या उलट्या घातलेल्या कुंडीवर बसून घेतलं. उभं राहून एवढं बोलणं त्यांना जमलं नसतं. बोलताना ते कोणाकडे बघत नव्हते, कागदी मोज्याकडे बघत होते.

"लुआ यायच्या आधी तीन वर्षं ओळीने जांग बिघडलं. वर पांढरं यायचं आणि चव कडसर. तुझ्या आईच्या हातांना भेगा पडायच्या, ती मलम लावायची. त्याने होत असेल. नसेलही, मला यातलं कळत नाही. ती कोणाला सांगू द्यायची नाही. दुसऱ्या गावच्या बहिणीकडून जांग आणायची आणि तुम्हाला द्यायची. आपलं मुळ्याच्या वाफ्यात ओतायची."

"बहिणीकडून?" युन-मी उठून उभी राहिली. "म्हणजे माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी ज्याची तारीफ केली ते मावशीचं?"

"हो. मग ही आली. त्या वसंतात बोक-निम हिला म्हणाली, उद्या सोन नसलेला दिवस, जांग गाळू. आणि दुसऱ्या दिवशी ही पोर हात पाठीमागे धरून उभी. सगळं चिमट्याने. दुपारी तुझी आई बटाट्याच्या सरीत आली आणि मला म्हणाली, अहो, तिनं हात न लावता सगळं केलं. मी म्हटलं, मग सांग तिला. ती म्हणाली, आधी चव बघू."

लुआ हातांकडे बघत होती.

"चव कशी निघाली?" ह्ये-रिमने विचारलं. हे तिला विचारायची गरज नव्हती. त्या वर्षापासूनचं जांग तिच्याच फ्रीजमध्ये होतं.

"शरद ऋतूत रांजण उघडला. तिने चमचा चाटला, परत बुडवला, परत चाटला. मी परत म्हटलं, आता तरी सांग. तर म्हणाली, आता सांगितलं तर ती हात घालेल." हाक-सूंनी घसा साफ केला. "पुढच्या वर्षापासून तिनेही नाही घातला. चौदा वर्षं तुम्ही ज्याला आईच्या हाताची चव म्हणता, त्याला कोणाचाच हात लागलेला नाही."

वाऱ्याने कागदी मोज्याचं एक टोक उचललं आणि परत टेकवलं.

"आणि माझे हात?" ह्ये-रिम म्हणाली. "गरम होते ते?"

"ते तिला तिच्या सासूने सांगितलं होतं," हाक-सू म्हणाले. "तुझे हात गरम आहेत, तू भाजी चीर. ती बारा वर्षं भाजी चिरत होती. मग ओटा तिच्याकडे आला. पुढे तू आलीस, तर सुनेला काहीतरी सांगावं लागतं, म्हणून तिने तेच सांगितलं. तुझे हात कसे आहेत ते तिने कधी धरून बघितले नाहीत. मी विचारलं होतं तिला. म्हणाली, बघायला पाहिजे होते."

ह्ये-रिमने आपले तीनदा धुतलेले हात उलटेपालटे करून पाहिले. त्यांचं आता काय करावं ते तिला कळत नसावं.

"म्हणजे," इन-ग्यूने हिशोब जुळत नसलेल्या माणसासारखं विचारलं, "रांजण कोणाचा ठरला मग?"

आता ते तीन शब्द म्हणायचे होते. हाक-सूंनी तोंड उघडलं. पण आजच्या वाट्याचं सगळं बोलणं संपलं होतं. आत काही उरलं नव्हतं.

"गाडीतली दुलई आणता?" ह्ये-रिम नवऱ्याला म्हणाली.

इन-ग्यूचा चेहरा उजळला. तो जवळजवळ धावतच गेला. लुआ विरजणाच्या रांजणापाशी जाऊन उभी राहिली, आणि पिल-ग्यू, ज्याने दिवसभरात मिरचीखेरीज कशाचंच नाव काढलं नव्हतं, तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. युन-मीने दोघांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "मी सकाळी म्हटलं होतं की मी वहिनीच्या बाजूची आहे. ते मी जेवायच्या आधी म्हटलं होतं." आणि तीही रांजणाच्या पलीकडे गेली.

दुलई आली. ह्ये-रिमने ती घेतली, दुहेरी केली, चौहेरी केली आणि ओट्याच्या गार दगडावर अंथरली. मग त्यावर गुडघे टेकून बसली आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर तळहात आपटून म्हणाली, "लुआ, ये. दगड गार आहे. आणि तो चिमटा दे मला. तीस वर्षांनी आत आलेय, निदान चिमटा तरी धरू दे."

"अगं, ती दुलई धुता येत नाही," इन-ग्यू म्हणाला. "लेबलवर लिहिलंय."

"मग धुऊ नका."

"आणि रांजण?"

"माझ्या बाल्कनीत ऊन दोन ते चार," ह्ये-रिम म्हणाली. "मला एक बरणी भरून द्या. एक डाव यातला. दर वसंतात येऊन नवा नेईन. रांजण कशाला हवा? कोणाच्या हाताचं ते इथं कोणाला कळलं नाही, तर तिथं कोणाला कळणार?"

लुआ येऊन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. पहिली वीट तिने चिमट्यात धरली, पाणी निथळू दिलं, पातेल्यात ठेवली. वीट मऊ, काळपट आणि आतून पिवळी होती. कुस्करायची वेळ आली तसा तिने मुसळाला हात घातला आणि थांबली. तिने मान वळवून हाक-सूंकडे पाहिलं.

"मामंजी, आता मला कळलं की सोन म्हणजे हात नव्हे. मग आता हात घालू का?"

सगळेच हाक-सूंकडे बघू लागले. हाक-सू उठले. त्यांच्या गुडघ्यांतून आवाज आला. त्यांनी मुसळ उचललं, ते तिच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाले:

"आज सोन नाही."

युन-मीने विटेकडे पुढे केलेला हात मागे घेतला. पिल-ग्यूने दोन्ही हात पाठीशी बांधले. इन-ग्यू थोडा वेळ कोणाच्या तरी चेहऱ्यावर हसू शोधत राहिला, ते सापडलं नाही, तेव्हा त्यानेही फोन खिशात टाकून हात मागे नेले. शाळेत तपासणीसाहेब आले की मुलं अशीच उभी राहत.

शब्द तीनच होते. कागदावरचे नव्हते, पण कोणी हरकत घेतली नाही.